बास आधी बघतो, चव नंतर घेतो

रोहू-कटल्यासाठी गळ टाकणारा माणूस कणकेच्या गोळ्यात वासाचा मसाला घालतो आणि त्याला मासे लागतातही. अमेरिकेतल्या तळ्यांमधल्या लार्जमाउथ बासची तऱ्हा वेगळी. हा मासा पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसतो. काही हललं की झेपावतो, जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. त्यामुळे वासाची बाटली उघडण्याआधी आमिषाचा रंग, हालचाल आणि वेग जमायला हवा.

रंगाची निवड वाटते तेवढी अवघड नाही. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक लाल प्रकाश टिपणारी आणि दुसरी हिरवा. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात शिकवून तयार केलेल्या बासनी लाल आणि हिरवा रंग नीट ओळखला, पण पिवळट पोपटी आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा यांत त्यांची गल्लत झाली. म्हणजे काळी आणि गडद निळी अशी दोन्ही रबरी गांडुळं (गांडुळाच्या आकाराची मऊ कृत्रिम आमिषं) विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. नितळ पाण्यात शेवाळी किंवा तपकिरी रंग वापरावा. गढूळ पाण्यात काळा, कारण तिथे माशाला फक्त आकृती दिसते.

गढूळ पाण्यात बासला आणखी एका गोष्टीचा आधार असतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेतून त्याला पाण्याची थरथर कळते. स्पिनरबेटला, म्हणजे फिरती पाती असलेल्या आमिषाला, अशा वेळी गोल, खोलगट पाती लावावीत. ती पाण्यात दणके देत फिरतात. विलोच्या पानासारखी लांबट पाती चमकतात जास्त, थरथरतात कमी, म्हणून ती नितळ पाण्यासाठी.

आता वासाविषयी. मासा हुंगू शकतो तो पाण्यात विरघळलेला पदार्थ. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आमिषाला लावायच्या तेलकट अत्तराचा एक थेंब सोडा. वर तवंग दिसला, तर त्यातलं माशापर्यंत फारच थोडं पोचणार. ज्याचा उपयोग होतो ते म्हणजे अमिनो आम्लं, मीठ, क्रॉफिशचा (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याचा) किंवा माशांचा अर्क असे विरघळणारे घटक. पण तेही बासला लांबून ओढून आणत नाहीत. बास आमिष तोंडात घेतो, पारखतो आणि खोटं वाटलं की क्षणात थुंकतो. ओळखीची चव लागली तर तो ते जरा जास्त वेळ धरून ठेवतो. अत्तरातून मिळतो तो हा एवढाच जादा वेळ, आणि गळ रुतवायला तो पुरतो.

म्हणूनच सरसर ओढायच्या क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या कडक आमिषाला) अत्तर लावणं आम्हाला वाया घालवणं वाटतं. ते लावावं संथ आमिषाला: तळाशी रेंगाळणाऱ्या रबरी गांडुळाला, थंड पाण्यातल्या जिगला (डोक्याशी वजन असलेल्या गळाला). जेल असेल तर चिमूटभर पुरे, पंधरा-वीस फेकींनंतर पुन्हा.

गळाचं टोक गांडुळात लपवायची नेहमीची टेक्सास जोडणी अशी: १२-१३ सेंमीचं गांडूळ, ३/० आकाराचा ऑफसेट (डोळ्याजवळ वाकवलेला) गळ, ७ ग्रॅमचं बंदुकीच्या गोळीसारखं वजन. वजन आधी दोरीत ओवावं, मग गळ बांधावा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंमी घालून बाजूने बाहेर काढा, गळ फिरवा आणि टोक पोटातून पुन्हा आत घ्या. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. मध्ये फुगवटा राहिला तर ओढताना ते गरगर फिरतं, दोरीला पीळ बसतो आणि बास जवळ येऊन परत जातो. मीठ घातलेलं गांडूळ जड असल्याने वजनाशिवायही बुडतं, पण लवकर फाटतं.

डास पळवणारं डीट लावलेल्या हातांनी रबरी आमिषाला शिवू नका. डीट प्लास्टिक विरघळवतं. रबरी आमिषं मूळ पिशवीतच ठेवा. कडक आमिषांच्या डब्यात टाकली तर कडक आमिषांचा रंग चिकट होऊन विरघळतो.

पाण्यात उतरण्याआधी त्या राज्याचे नियम वाचा. कोलोरॅडोत जिथे फक्त कृत्रिम आमिषाला परवानगी आहे, तिथे वरून अत्तर चोळलेलं आमिष चालत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण ती गिळून लून हे पाणपक्षी मरतात. तिथे टंगस्टन वापरा. त्याची घनता शिशापेक्षा बरीच जास्त असल्याने तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि वनस्पतींतून सहज खाली उतरतो.