पाकिटातलं यीस्ट कशानं मरतं?

पाव फुगला नाही की आधी मैद्याला नावं ठेवली जातात, मग पाण्याला. यीस्ट दुकानात कसं ठेवलं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर यीस्टच्या धंद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे त्यातलं पाणी काढण्याची, आणि मग ते परत शिरू न देण्याची खटपट आहे.

१९व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले पाववाले बिअरच्या भट्टीतून पातळ, कडवट फेस आणत. इकडे गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवत. दोन्हींची साठवण अशक्यच. पुढे व्हिएन्नाकडे यीस्ट वेगळं वाढवून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडायचं तंत्र बसलं. फ्लाइशमन बंधूंनी १८६८ साली सिनसिनाटीत कारखाना काढून ते अमेरिकेत रुजवलं आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात लोकांसमोर पाव भाजून दाखवले. पण या वडीत सुमारे ७० टक्के पाणी असतं. गारव्यात ठेवली तर ती दोन-तीन आठवडे तग धरते, उन्हाळ्यात बाहेर राहिली की मऊ पडून वास मारू लागते. त्यामुळे सगळा व्यापार बर्फ आणि रोजच्या पोहोचवणीवर चाले.

रणांगणावर बर्फ कुठून आणणार? दुसऱ्या महायुद्धात फ्लाइशमन कंपनीनं अमेरिकी सैन्यासाठी दाणेदार कोरडं यीस्ट तयार केलं. पाणी उरलं सात-आठ टक्के. वाळवताना दाण्याच्या बाहेरच्या बऱ्याच पेशी मरत, पण त्यांचंच कवच आतल्या जिवंत पेशींना हवेपासून सांभाळी.

१९७० च्या दशकात फ्रान्सच्या लसाफ्र आणि हॉलंडच्या गिस्ट-ब्रोकाडेस या कंपन्यांचं इन्स्टंट यीस्ट बाजारात आलं. यीस्टच्या बारीक शेवया पाडून त्या खालून येणाऱ्या गरम हवेच्या झोतावर तरंगत ठेवून वाळवायच्या. पाणी जेमतेम पाच टक्के, मेलेल्या पेशी कमी, भिजवत बसायची गरज नाही. मात्र कवच गेलं. सच्छिद्र शेवयांत पाणी जसं पटकन शिरतं, तसा ऑक्सिजनही शिरतो. म्हणूनच ती विटेसारखी कडक, हवा काढलेली पाकिटं आली. दिसायला साधी आहेत, पण माझ्या मते इन्स्टंट यीस्टचं निम्मं यश त्या पाकिटाचं आहे.

इतकी वाळलेली पेशी जगते कशी, याचा उलगडा त्यानंतर झाला. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे जॉन आणि लोइस क्रो यांनी १९८० च्या दशकात ट्रेहॅलोज या साखरेवर काम केलं. पाणी गेल्यावर पेशीच्या पातळ आवरणातली त्याची जागा ही साखर सांभाळते, आणि आतला सगळा ऐवज काचेसारखा थिजतो. थिजलेल्या अवस्थेत रासायनिक घडामोडी जवळजवळ थांबतात. हवेतला थोडा ओलावा शोषला गेला की मात्र ही ‘काच’ कमी तापमानालाच मऊ पडते. पेशी पुरती जागीही होत नाही आणि झोपूनही राहत नाही. पेशीतला अन्नाचा साठा वापरला जातो, आवरणातली स्निग्ध द्रव्यं ऑक्सिजननं खराब होतात. उष्णता या दोन्ही गोष्टींना वेग देते. गार पाण्यात भिजवल्यावर कोरडं यीस्ट दगा देतं, त्यामागेही आवरणच असतं: चाळिसेक अंशांच्या कोमट पाण्यात ते नीट सांधतं, गार पाण्यात गळकं राहतं.

आपल्याकडे बेकिंगच्या दुकानात ५०० ग्रॅमची वीट फोडून यीस्ट छोट्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत भरून विकतात. त्यावर चिकटवलेली मुदत बहुधा न फोडलेल्या विटेची असते. कोकणात पावसाळ्यात अशी पुडी ओट्यावर ठेवणं म्हणजे यीस्टला रोज थोडं पाणी पाजणं. घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत भरून ती फ्रीझरमध्ये ठेवावी. कोरड्या पेशीत बर्फाचे स्फटिक व्हायला पुरेसं पाणीच नसतं, त्यामुळे गारठ्याची भीती नाही. मोठी बरणी असेल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. थंड दाण्यांवर हवेतली वाफ धरते, आणि पुन्हा आत ठेवलं तरी ते पाणी दाण्यांतच राहतं.