बाळाचं वजन कोण वाढवतं?

आमच्याकडे गोव्यात बाळ झाल्याची बातमी आता व्हॉट्सॲपवर येते. मुलगा की मुलगी हे कळलं की लगेच वजन. 'सव्वाचार किलो!' असं वाचलं की अभिनंदनाची रांग लागते. अडीच किलो म्हटलं की एखादी मावशी हळूच विचारते, 'नीट जेवत नव्हती का गो ती?' बाळाचं वजन म्हणजे आईच्या जेवणाचा निकाल, आणि तो जितका मोठा तितका चांगला, असं आपण धरूनच चाललोय. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गरोदर बाईच्या ताटात 'दोन जिवांचं खा' म्हणत आणखी एक डाव शीत पडतं ते यामुळेच.

ही समजूत बदलायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या तीन बायकांपैकी एकीहून जास्त जणींचं वजन उंचीच्या मानाने जास्त निघालं. देशात हे प्रमाण साधारण चौघींत एक आहे. अशा बायकांना गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका जास्त असतो. ती वाढली की पोटातल्या बाळाचं नेमकं काय होतं, ते मला मुळापासून सांगायचंय, कारण गर्भाच्या शरीरशास्त्रात याहून सुरेख गोष्ट मला माहीत नाही.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, पेशींचा पातळ पडदा असतो. त्या पेशींवर ग्लुट-१ नावाची प्रथिनं असतात आणि त्यांच्यातून ग्लुकोज पलीकडे जातं. यात ऊर्जा खर्च होत नाही. साखर जिथे जास्त तिथून जिथे कमी तिथे जाते, एवढाच नियम. आईच्या रक्तातली साखर बाळाच्या साखरेपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून ओघ बाळाकडे. आईची साखर चढली की बाळाचीही चढते. पण ती साखर आवरणारं आईचं इन्शुलिन वार ओलांडत नाही. साखर पोचते, इन्शुलिन अलीकडेच राहतं.

मग बाळ काय करतं? स्वतःचं इन्शुलिन तयार करतं. पहिले तीन महिने संपेपर्यंत त्याचं इवलंसं स्वादुपिंड या कामाला लागलेलं असतं. जास्त साखर आली की ते जास्त इन्शुलिन सोडतं. आपल्याला इन्शुलिन माहीत असतं ते साखर उतरवणारं म्हणून. गर्भात मात्र ते वाढीचं संप्रेरक आहे. ते आलेली साखर चरबीत साठवायला लावतं, यकृत आणि हृदय वाढवतं. मेंदूच्या वाढीवर त्याचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे अशा बाळाचं डोकं नेहमीएवढंच राहतं, पण खांदे आणि धड भरतं, आणि प्रसूतीत डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती तिथूनच येते. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही साखळी मांडली: आईची साखर, बाळाची साखर, बाळाचं इन्शुलिन, बाळाची चरबी.

मुळात आईची साखर चढते का? त्यालाही वारच कारण. वार स्वतः संप्रेरकं तयार करते, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापासून त्यांच्यामुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. आईने साखर कमी वापरावी म्हणजे बाळाला मिळेल, अशी ही निसर्गाची तजवीज. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून ही तूट भरून काढतं. पण वजन आधीच जास्त असेल तर पेशी गरोदरपणाआधीपासूनच दाद देत नसतात, आणि वरचा भार स्वादुपिंडाला पेलत नाही. शिवाय अशा आईच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबीही जास्त असते. वार ती फोडून तिच्यातली मेदाम्लं बाळाकडे जाऊ देते. म्हणून साखर ठीक असूनही जास्त वजनाच्या आईचं बाळ मोठं निघू शकतं.

पेडरसन यांची साखळी मोठ्या प्रमाणावर तपासली ती २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हापो' अभ्यासाने. ९ देशांतल्या २३ हजारांहून जास्त गरोदर बायका त्यात होत्या. उपाशीपोटीची साखर सर्वांत कमी, म्हणजे ७५च्या खाली, असलेल्या गटात अतिवजनाची बाळं ५.३ टक्के होती. १०० किंवा जास्त असलेल्या गटात २६.३ टक्के. (अतिवजनाचं म्हणजे शंभरातल्या सर्वांत वजनदार दहांत मोडणारं.) मधल्या गटांत आकडा पायरीपायरीने चढत गेला. इथवर धोका नाही आणि इथून पुढे आहे, अशी रेघ कुठेच सापडली नाही. बाळाचं इन्शुलिन मोजायला त्यांनी नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं. स्वादुपिंडात एका लांब प्रथिनाचे तुकडे पडून इन्शुलिन तयार होतं आणि उरलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. दोन्ही सारख्याच संख्येने बाहेर पडतात. नाळेचं रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर इन्शुलिन नष्ट होतं, सी-पेप्टाइड टिकतं. किती बारीक विचार आहे हा!

आता उलटी बाजू. बाळ लहान असलं की त्याच्यात चरबी कमी, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. वजन इथे सरासरी २.७ किलो, तिथे ३.५. दंड, पोट सगळंच इथे बारीक. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबीची घडी मात्र त्या मानाने भरलेली. दिसायला बारीक, आत चरबी. त्याच गावांत असंही दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध घेणाऱ्या आयांची बाळं अंगाने जास्त भरलेली होती. ताटात शीत वाढवण्यापेक्षा तांबडी भाजी वाढवा, हे म्हणायला मला इथूनच बळ मिळतं.

यावर केशराचं दूध, ग्रहणात सुरी न धरणं किंवा 'गर्भ तेजस्वी करणारी' महागडी पूड यांचा काडीचाही उपयोग नाही. त्या पुडीत साखर किती, ते डब्याच्या मागे वाचा.

उपयोग आहे तो तपासणीचा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्या सरकारी पद्धतीत उपाशी असण्याची गरज नाही. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, कारण वारेची संप्रेरकं तोवर जोर धरतात. 'ते गोड पाणी पिऊन बाळाला साखर होते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एका वेळच्या ग्लुकोजने मधुमेह होत नाही. आकडा जास्त आला तरी बहुतेक जणींना आहार आणि चालणं पुरतं. एका बैठकीला ढीगभर शीत आणि वर पाव खाण्याऐवजी तेच जेवण दिवसभरात वाटून घ्यायचं, नुस्तें (मासे), कडधान्यं, भाजी वाढवायची. जेवण सोडून वजन उतरवायला मात्र या दिवसांत जाऊ नये. दोन आठवड्यांनीही जेवणानंतरची साखर १२०च्या खाली येत नसेल तर औषध, बहुधा इन्शुलिन. 'सुई बाळाला बाधेल' ही भीती कितीतरी घरांत असते. पण वर पाहिलंच, इन्शुलिन वार ओलांडत नाही.

नाळ कापली की साखरेचा ओघ त्या क्षणी थांबतो, पण बाळाचं इन्शुलिन अजून तेवढंच असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर झपकन उतरू शकते. नर्स बाळाच्या टाचेला बारीक टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर घेते, ती यासाठी. तेव्हा घरच्यांनी 'बाळाला कशाला टोचता' म्हणून अडवू नये, आणि पहिल्या तासातच बाळाला पाजायला घ्यावं.

वार बाहेर पडली की आईची साखर बहुधा आपोआप खाली येते. घरच्यांना वाटतं, संपलं. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटीने जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. बाळाची लसही सहाव्या आठवड्यातच असते. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात आईचंही रक्त द्या.