गाडी टक टक करते पण चालू होत नाही? फोन करायच्या आधी जरा कान द्या

सकाळी साडेआठ-नऊला आमच्या गॅरेजचा फोन वाजला की बहुतेक वेळा हेच असतं, "गाडी चालूच होत नाहीये हो, नुसतं टक टक करतेय". मग आम्ही विचारतो टक एकदाच होतं का भरभर होतं, तर लोक वैतागतात, ऑफिसला उशीर होत असतो आणि हा काय प्रश्न. पण निम्मं निदान खरंच तिथेच होतं. म्हणून हा कागद छापलाय, घडी करून गाडीच्या कप्प्यात टाकून ठेवा.

आधी तो आवाज कशाचा ते. चावी फिरवली की सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरच्या, डोक्यावरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी स्विच) खेचला जातो. तो सेल्फचा छोटा गिअर इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत ढकलतो आणि त्याच झटक्यात बॅटरीचा मोठा करंट मोटरला जोडून देतो. सोलेनॉइडला थोडक्यात भागतं पण मोटरला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेल असेल तर अजून जास्त. आता बॅटरी उतरलेली असली की काय होतं, सोलेनॉइड खेचला जातो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज धाडकन पडतं, सोलेनॉइड सुटतो, सुटल्यावर व्होल्टेज परत वर येतं की परत खेचला जातो, असं चावी सोडेपर्यंत चालूच. ऑटो इग्निशनची शेगडी पेटत नसली की जसं टकटकटकटक करते ना, अगदी तसं. असा आवाज असेल तर सेल्फच्या मागे लागू नका, बॅटरी किंवा तिचं कनेक्शन बघा.

एकच जाड "टक्" आणि मग सगळं शांत, हे वेगळं प्रकरण. सोलेनॉइड चालला पण मोटर फिरली नाही. आतले कॉन्टॅक्ट जळालेत, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय. खात्री करायची तर हेडलाइट लावून सेल्फ मारा, समोर भिंत असेल तर छान दिसतं. लाइट एकदम मंदावला तर बॅटरी किंवा टर्मिनल. लाइट लख्ख तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाहीये किंवा सेल्फच गेलाय, मग गाडी आमच्याकडेच आणावी लागणार.

नवीन बॅटरी घ्यायची घाई मात्र करू नका. मागे एक काका रात्री बॅटरी बदलून आले, सकाळी परत टकटक. बॉनेट उघडलं तर निगेटिव्ह टर्मिनल हातानेच गोल फिरत होतं, बसवणाऱ्याने नट आवळलाच नव्हता. दहाचा पाना, दोन मिनिटं, गाडी चालू. जुनी बॅटरी चार्ज करून कदाचित अजून वर्षभर चालली असती, पण ती बदल्यात देऊन टाकलेली. तर आधी टर्मिनल हलवून बघा. हललं तर आवळा. वर पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर गाडी बंद करून आधी निगेटिव्ह काढायचं मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं पुसायचं आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. ती पावडर डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

घरी मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. गाडी चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला पाहिजे, 12 वरच राहिली तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, मग नवीन बॅटरी घातली तरी तीही उतरणार.

जंप स्टार्ट करताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर गाडी चालू करताना, लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो. पाचेक मिनिटं थांबून सेल्फ मारा. शेजारचा ट्रकवाला मदतीला आला तरी नको म्हणा, त्याचं 24 व्होल्ट असतं. धक्का फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला, चावी ऑन करून, दुसऱ्या गिअरला. ऑटोमॅटिकला ढकलून फक्त घाम येतो.

आणि हे ठळक वाचा. गाडी पाण्यातून आली असेल किंवा पाण्यात उभी होती आणि आता एकच टक् होतंय, तर सेल्फ अजिबात मारू नका, एकदासुद्धा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांतलं काम लाखावर जातं. 2024 च्या जुलैत पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या, तशा गाडीची बॅटरी काढायची आणि टो करूनच न्यायची. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शन घेतलंय का तेही बघून ठेवा, साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन सहसा बसत नाही.

फोन केलात तर एवढं सांगा: टक एक का भरभर, लाइट मंदावतो का, पेट्रोल का डिझेल, बॅटरी किती वर्षांची. आणि गाडी बेसमेंटला नाक भिंतीकडे करून लावली असेल तर न्यूट्रलला टाकून जरा मागे ढकलून ठेवा, आमची केबल दहा फुटांचीच आहे.