गोळी सोडायची, पण झटक्यात नाही

"पंप नको डॉक्टर, त्याची सवय लागते. गोळ्याच द्या." कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळच्या आर्णी-घाटंजीकडे दम्याच्या पेशंटच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. शरीराला सवय लावते ती गोळी.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात. जोराचा झटका आला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीचा पाच-सात दिवसांचा कोर्स जीव वाचवतो, त्याबद्दल वाद नाही. घोळ पुढे होतो. बिननावाच्या पुडीतली तीच बारीक पांढरी गोळी रोजची होते. भूक वाढते, चेहरा गोल होतो, शेजारी म्हणतात तब्येत सुधारली. मग पऱ्हाटीचं बोंड नुसतं घासलं तरी हातावर जांभळे डाग उठतात. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो.

आता सवय कशी लागते ते बघा. प्रत्येक किडनीच्या वर एक छोटी अॅड्रिनल ग्रंथी असते. ती कॉर्टिसोल बनवते, म्हणजे आपलं स्वतःचं स्टेरॉइड. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्यूटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि अॅड्रिनल कामाला लागते. रक्तात कॉर्टिसोल पुरेसं झालं की मेंदू निरोप थांबवतो. पण बाहेरून आलेलं प्रेडनिसोलोनही त्याला कॉर्टिसोलच वाटतं. शरीराची रोजची गरज भागवायला साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पुरतं. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या शरीरात हा निरोप बंदच पडतो आणि एसीटीएचविना अॅड्रिनल ग्रंथी महिनोन्‌महिने आक्रसत जाते. अशात पुडी संपली, तर रक्तात ना गोळीचं स्टेरॉइड, ना स्वतःचं. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात आणि शेवटचे ५ मिलिग्रॅम सगळ्यात हळू. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं की ग्रंथी जागी झाली का ते कळतं.

पंपातही स्टेरॉइडच असतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. गोळीचे २० मिलिग्रॅम म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. पंपातल्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा एक दम २०० किंवा ४०० मायक्रोग्रॅमचा. औषध थेट नळीत पोचतं, गिळलं गेलेलं बहुतेक यकृतच निकामी करतं. पंपाला स्पेसर (जोडायचं नळकांडं) लावा, नंतर चूळ भरा.

मृगाला मासा गिळायला हैदराबादला आपल्याकडूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो याला काडीचाही पुरावा नाही, आणि त्या भरवशावर पंप सुटला तर जिवावर बेततं.

पंप नीट घेऊनही गोळी सुटत नसेल, तर इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्यांसाठी मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. या पेशींना पोसणाऱ्या इंटरल्युकिन-५ या प्रथिनाला ते अडवतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने निदान निम्म्या पेशंटचा गोळीचा डोस निम्म्यावर किंवा त्याखाली आला. किंमत मात्र शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची. त्याआधी पंप ओढायची पद्धत, चुलीचा धूर आणि थ्रेशरची धूळ बघायला पैसे लागत नाहीत.

गोळी उतरवत असताना जोराचा ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर स्टेरॉइड सुरू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. त्या दिवसांपुरता डोस वाढवावा लागतो.