साफसफाईचा खर्च आणि आयकर : वजावट कुणाला, कागद कोणते

भाडेकरू बदलला की घरमालक टाकी धुऊन घेतो, फरशा घासून घेतो आणि पावत्या जपून ठेवतो. या पावत्या विवरणपत्रात कुठे भरायच्या? कुठेच नाही. भाड्याच्या उत्पन्नातून देखभालीसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते आणि साफसफाई, दुरुस्ती, रंगकाम सगळं त्यातच आलं. खर्च शून्य असो वा लाखभर, टक्का तोच.

हिशोब असा : महिना 20,000 प्रमाणे वर्षाचं भाडं 2,40,000. त्यातून मालकाने त्या वर्षात खरोखर भरलेली घरपट्टी, समजा 12,000, वजा केली की उरले 2,28,000. त्याचे 30 टक्के म्हणजे 68,400. गृहकर्जाचं व्याज नसेल तर करपात्र रक्कम 1,59,600. घरपट्टी भाडेकरूने भरली असेल तर ती वजा होत नाही. इथेच पुष्कळजण चुकतात. लागणारे कागद तीनच : भाडेकरार, घरपट्टीची पावती, बँकेचा व्याजाचा दाखला. स्वतः राहता त्या घराचं वार्षिक मूल्य (ज्या रकमेवर 30 टक्के मोजतात ती) शून्य धरतात, म्हणून तिथे 30 टक्केही शून्यच.

काहीजण घरभाडं धंद्याचं उत्पन्न दाखवून सफाईचा खर्च वेगळा टाकत. राहत्या घरांच्या भाड्यापुरती ही वाट कर निर्धारण वर्ष 2025-26 (म्हणजे आर्थिक वर्ष 2024-25 चं उत्पन्न) पासून बंद झाली आहे. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, 30 टक्के कायम राहिले.

दुकान, दवाखाना, कार्यालय यांची गोष्ट निराळी. तिथली सफाई हा धंद्याचा खर्च, म्हणून पूर्ण वजा होतो. घराच्या 800 चौरस फुटांपैकी 200 मध्ये कार्यालय असेल तर चौथा हिस्साच दाखवा. बिलावर तारीख, जागेचा पत्ता आणि कामाचं स्वरूप हवं. नुसतं 'सफाई' लिहिलेली चिठ्ठी तपासणीत टिकत नाही.

पैसे बँकेतूनच द्या. एका दिवसात एकाच व्यक्तीला रोख 10,000 च्या वर गेलात तर सगळी रक्कम नामंजूर होते : 18,000 दिले तर 8,000 नव्हे, 18,000. त्याच दिवशी दोन पावत्या फाडूनही उपयोग नाही. कंत्राटदाराचं एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापणं तुम्हाला बंधनकारक असेल, तर तो कापून भरा. नाहीतर त्या खर्चाचे 30 टक्के अमान्य होतात.

अंदाजित नफ्याच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरलेला टक्का नफा मानून, विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला मात्र सफाईचा खर्च वेगळा मागता येत नाही; तो ठरलेल्या टक्क्यातच धरलेला असतो.