मजकूर काढायचा, पण पाठभेद वगळून

एक्सएसएलटी ही एक्सएमएल फाइलला, म्हणजे मजकुराचे भाग कोनी कंसातल्या खुणांनी (टॅगांनी) दाखवणाऱ्या फाइलला, दुसऱ्या रूपात बदलण्याची भाषा. क्रोम ब्राउझरमधून तिची सोय काढून टाकण्याचा बेत गूगलने 2025 मध्ये जाहीर केला आणि ‘एक्सएसएलटी संपलं’ अशी आवई उठली. जाणार आहे ती फक्त ब्राउझरमधली सोय. सॅक्सनसारख्या स्वतंत्र प्रोसेसरचा (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रामचा) त्याच्याशी संबंध नाही आणि एक्सएमएल फाइलमधून हवा तेवढाच मजकूर काढण्याचं काम एक्सएसएलटीइतकं नेटकं दुसरं कोणी करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘टॅग पुसून टाकले की मजकूर उरतोच, त्यात काय एवढं?’ असं अनेकांना वाटतं. पुण्यातलंच उदाहरण घेऊ. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये हाती घेतलं आणि ते 1966 मध्ये पुरं झालं. 1,200 हून अधिक हस्तलिखितं धुंडाळून पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद (इतर हस्तलिखितांतले वेगळे शब्द), अशी तिची मांडणी आहे. असा ग्रंथ एक्सएमएलमध्ये आणायचा झाला तर मंगलाचरणाची दुसरी ओळ काहीशी अशी दिसेल:

<ओळ>देवीं सरस्वतीं <जागा><मूळ>चैव</मूळ><भेद प्रत="क">व्यासं</भेद></जागा> ततो जयमुदीरयेत्</ओळ>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात. एक्सएमएलच्या 1998 च्या पहिल्या प्रमाणातच ती मुभा आहे.)

इथले टॅग पुसले तर हाती येतं ‘देवीं सरस्वतीं चैवव्यासं ततो जयमुदीरयेत्’. छंद मोडला आणि कोणीही न लिहिलेला शब्द जन्माला आला.

एक्सएसएलटी टॅगांना हातच लावत नाही. प्रोसेसर आधी फाइलची वंशावळ मांडतो: ‘ओळ’ला तीन अपत्यं, एक मजकुराचा तुकडा, मग ‘जागा’, मग पुन्हा मजकूर, ‘जागा’च्या पोटी ‘मूळ’ आणि ‘भेद’. मग वंशावळीच्या मुळापासून निघून प्रत्येकाशी थांबतो आणि पाहतो, याच्यासाठी टेम्प्लेट (काय करायचं याची सूचना) लिहिलेलं आहे का? असेल तर त्यात सांगितलंय तेवढंच करतो. नसेल तर अंगभूत नियम लागू होतात: एलेमेंट (‘ओळ’, ‘जागा’सारखा टॅगने बांधलेला भाग) असेल तर त्याच्या अपत्यांकडे जा, मजकूर असेल तर जसाच्या तसा लिही, टिप्पणी असेल तर सोडून दे.

म्हणून एकही टेम्प्लेट नसलेली स्टाइलशीट (टेम्प्लेटं लिहायची फाइल) चालवली तर कोरा कागद मिळत नाही, फाइलमधला सगळा मजकूर बाहेर पडतो! नवशिके इथेच चक्रावतात. मजकूर काढणं फुकटात होतं. आपण सांगायचं ते काय वगळायचं. ‘भेद’साठी एक टेम्प्लेट लिहा आणि ते रिकामं ठेवा. प्रोसेसर ‘भेद’पाशी येतो, टेम्प्लेट सापडतं, त्यात काहीच करायला सांगितलेलं नसतं, म्हणून तो खाली न उतरता पुढे जातो. ओळ शुद्ध येते: ‘देवीं सरस्वतीं चैव ततो जयमुदीरयेत्’. हस्तलिखिताची ‘क’ ही खूणही आत शिरत नाही, कारण ते अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहिलेली माहिती) आहे आणि अंगभूत नियम फक्त अपत्यांकडे जातो.

एकाच एलेमेंटला दोन टेम्प्लेटं लागू पडली तर? नुसत्या नावाने जुळणाऱ्याची प्राथमिकता 0, ‘प्रत क असलेला भेद’ अशी अट घातलेल्याची 0.5, आणि कोणत्याही एलेमेंटला जुळणाऱ्या ‘*’ या खुणेची उणे 0.5. जास्त नेमकं ते जिंकतं, मग ते स्टाइलशीटमध्ये वर असो की खाली.

संस्कृतचा विषय निघालाच आहे, तर ‘संगणकासाठी संस्कृतच सर्वोत्तम, नासाने सांगितलंय’ या फॉरवर्डबद्दल. त्याचं मूळ संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या 1985 च्या एका लेखात आहे. तो लेख व्याकरणातल्या ज्ञानमांडणीबद्दल होता. नासाने असा कोणताही निर्वाळा दिलेला नाही. आपल्या प्रोसेसरला तर ‘चैव’ संस्कृत आहे की कानडी, याने काडीचाही फरक पडत नाही. त्याला फक्त वंशावळ दिसते.

वगळलेले पाठभेद अभ्यासकांना हवेच असतात. त्यासाठी ‘मोड’ आहे, म्हणजे त्याच एलेमेंटसाठी टेम्प्लेटांचा वेगळा संच. त्याच ‘भेद’साठी ‘तळटीप’ नावाच्या मोडमध्ये दुसरं टेम्प्लेट लिहायचं, त्यात प्रतीची खूण आणि पाठ छापायला सांगायचं, आणि ओळ संपली की याच वंशावळीतले फक्त ‘भेद’ निवडून त्या मोडमध्ये दुसरी फेरी मारायची. वर शुद्ध ओळ, खाली ‘क: व्यासं’. मूळ फाइलमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं.