त्या मिनिटाला तुम्ही काय करत होतात?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या बाईंना अधूनमधून एक चमत्कारिक ई-मेल येतो. मंगळवारी सकाळी 10 वाजून 17 मिनिटांनी तुम्ही काय करत होतात, कोणासोबत आणि कशासाठी? उत्तर 'एका आईला मेडिकेडचा अर्ज भरून देत होते' असेल, तर त्या मिनिटामागे केंद्राचा पैसा येतो. 'स्नेहसंमेलनाची यादी करत होते' असेल, तर येत नाही. या पद्धतीचं नाव रँडम मोमेंट टाइम स्टडी.

मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना 1965 ची. खर्च केंद्र आणि राज्यं वाटून घेतात, आणि योजना राबवण्याच्या प्रशासकीय खर्चापैकी साधारण निम्मा केंद्र देतं. शाळा यात आल्या त्या अपंग मुलांमुळे. अशा मुलांना मोफत शिक्षण आणि त्यासाठी लागणाऱ्या सेवा द्यायचं बंधन 1975 च्या कायद्याने शाळांवर आलं, पण त्याला पुरेसा पैसा काही आला नाही. यातल्या वैद्यकीय सेवांचं बिल मेडिकेडला लावता येईल, हे 1988 मध्ये संसदेने स्पष्ट केलं.

उपचारांचं बिल सोपं असतं : मूल अमुक, सेवा तमुक, वेळ इतका. पण पात्र असूनही योजनेत नाव नसलेली मुलं शोधायची, पालकांना समजवायचं, कागदपत्रं जमवून द्यायची, या कामाला बिल नसतं. ते कोणाच्या तरी पगारात मिसळलेलं असतं. 1997 मध्ये मुलांसाठी 'चिप' ही आणखी एक विमा योजना आली, आणि मुलं रोज जिथे सापडतात त्या शाळांकडे नोंदणीसाठी साहजिकच सगळे पाहू लागले. मग पगारातला किती हिस्सा या कामाचा?

उत्तर सापडलं ते कापडगिरण्यांमधून. एल. एच. सी. टिपेट हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ मँचेस्टरच्या सुती उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते. माग किती वेळ बंद असतात हे पाहायला दिवसभर घड्याळ घेऊन उभं राहायची गरज नाही. मधूनमधून नजर टाकावी, चालू की बंद एवढं टिपावं, पुरेशा नोंदी झाल्या की प्रमाण आपोआप कळतं, असं त्यांनी 1930 च्या दशकात दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या समाजकल्याण खात्यांनी कर्मचाऱ्यांचा वेळ वेगवेगळ्या योजनांमध्ये वाटायला हीच युक्ती उचलली, आणि तिथून ती शाळांत आली. एकेका माणसाची हजेरी घेण्यासाठी ती नव्हतीच, हे ई-मेल येणाऱ्याला मात्र पटवणं कठीण.

हिशेब असा. समजा, पगारखर्च 1 कोटी डॉलर आणि टिपलेल्या क्षणांपैकी 5 टक्के अर्ज भरण्यात गेलेले. म्हणजे 5 लाख, त्यातले निम्मे, अडीच लाख, केंद्राकडून. मात्र मुलाला डॉक्टरकडे पाठवण्याची सोय लावण्यात गेलेला वेळ मेडिकेडमधल्या मुलांच्या प्रमाणात कापला जातो. अर्जाला मदत केल्याचा वेळ कापत नाहीत, कुटुंब नंतर अपात्र ठरलं तरी.

पैसा आला तसे सल्लागारही आले. काही राज्यांत दावे झपाट्याने फुगले. संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने 2000 मध्ये अहवाल दिला, त्यातला एक आकडा बोचरा आहे : शाळेने 100 डॉलर खर्च केले, तर काही ठिकाणी तिच्या हाती जेमतेम साडेसात डॉलर पडत होते. केंद्राच्या पन्नासातला मोठा वाटा राज्यच ठेवून घेई, आणि वर टक्केवारीवर काम करणाऱ्या खासगी कंपन्यांची फी. मुलांच्या नावाने आलेला पैसा वाटेतच मुरत होता.

त्यानंतर 2003 मध्ये केंद्राची सविस्तर मार्गदर्शिका आली. प्रत्येक कामाला जोडीने संकेतांक देण्यात आले : मेडिकेडच्या माहितीसाठी वेगळा, इतर योजनांच्या माहितीसाठी वेगळा. नमुन्यातली चूक 2 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे दर तिमाहीला साधारण 2,400 क्षण. माझ्या मते घड्याळ इतकं काटेकोर झालं ते शाळांवरच्या अविश्वासापोटी. पण पैसा ज्या वाटांनी गळत होता, तिथे ते घड्याळ लावलेलंच नव्हतं. शिवाय ते मोजतं कष्ट. किती मुलांना विमा मिळाला, हे या संकेतांकांत कुठेच बसत नाही.

2007 च्या अखेरीस केंद्राने शाळांच्या प्रशासकीय खर्चाचा परतावाच बंद करायचा नियम काढला. संसदेने तो पुनःपुन्हा लांबणीवर टाकला आणि 2009 मध्ये तो मागे घेतला गेला. टेक्सासमधल्या उवाल्डी इथल्या शाळेत 2022 मध्ये गोळीबार झाला. त्यानंतरच्या कायद्याने शाळांतल्या आरोग्यसेवांकडे पुन्हा लक्ष वळवलं, आणि मे 2023 मध्ये नवी मार्गदर्शिका आली. तिने नमुन्यातल्या चुकीची मर्यादा 5 टक्क्यांपर्यंत वाढवली. संख्याशास्त्राच्या सूत्रात हा आकडा घातला, की 2,400 क्षणांच्या जागी 400 हून कमी पुरतात.